जुना बॉयलर बदलताना: रेडियंट आणि बेसबोर्डवाल्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

न्यू जर्सी, लाँग आयलंड, कनेटिकट, बॉस्टन, या सगळ्या पट्ट्यात आपली मंडळी जुनी घरं घेतात, किचन बघतात, शाळा बघतात, ट्रेन स्टेशन किती लांब ते बघतात, आणि बेसमेंटच्या कोपऱ्यातल्या त्या गंजक्या डब्याकडे कोणी धड बघत नाही. मग ऑक्टोबर उजाडला की मेसेज सुरू. प्रश्न तेच तेच असतात म्हणून एका जागी लिहून ठेवलेत. मी प्लंबर नाही, काम लायसन्सवाल्याकडूनच करून घ्यायचं, पण त्याला काय विचारायचं हे आपल्याला कळलं पाहिजे. कुठल्या ब्रँडचा घेऊ हा सगळ्यात शेवटचा प्रश्न आहे. पहिले दोन म्हणजे घराला उष्णता किती लागते (प्र. ५) आणि पाणी किती गरम लागतं (प्र. २). बाकीचं बरंचसं त्यावरूनच ठरतं.

प्र. १. बॉयलर म्हणजे फर्नेसच ना?

नाही. फर्नेस हवा तापवतो आणि ती डक्टमधून जाळीवाटे खोलीत येते. बॉयलर पाणी तापवतो, ते पंपाने पाइपमधून घरभर फिरतं आणि जमिनीला (फ्लोअरमध्ये पाइप, यालाच रेडियंट म्हणतात), बेसबोर्डला (भिंतीच्या तळाशी लावलेले लांबट हीटर) किंवा बिडाच्या जुन्या रेडिएटरला उष्णता देऊन परत येतं. तिसरा प्रकार वाफेचा: बॉयलरच्या अंगावर उभी काचेची नळी असेल आणि तिच्यात अर्ध्यापर्यंत पाणी दिसत असेल तर तुमची सिस्टिम वाफेची. तसं असेल तर इथलं बरंच तुम्हाला लागू नाही, कंडेन्सिंग बॉयलर (म्हणजे काय ते प्र. ६ मध्ये) वाफेला चालत नाही आणि साइझही रेडिएटर मोजून काढतात, घराच्या गरजेवरून नाही.

प्र. २. आमच्याकडे पाणी किती गरम लागतं हे कसं कळणार? आणि कशाला कळायला पाहिजे?

कारण बॉयलर कुठला घ्यायचा ते यावर ठरतं. साधारण हिशोब असा: काँक्रीटच्या स्लॅबमध्ये पाइप असतील तर ९० ते ११० डिग्री फॅरनहाइटचं पाणी पुरतं (पुढचेही सगळे डिग्री फॅरनहाइटच). लाकडी फ्लोअरला खालून पाइप मारलेत आणि अ‍ॅल्युमिनियमच्या प्लेटा आहेत तर ११० ते १३०, प्लेटा नसतील, नुसते स्टेपल केलेत, तर १४० किंवा वर. बेसबोर्ड १८० धरूनच डिझाइन केलेले असतात. बिडाचे रेडिएटर बहुतेक वेळा गरजेपेक्षा मोठे असतात, कारण ते बसवले तेव्हा भिंतींत इन्सुलेशन नव्हतं आणि खिडक्या एका काचेच्या होत्या, त्यामुळे आता १३०–१५० वर भागतं.

बॉयलरवरचा काटा बघून फसू नका. बऱ्याच घरांत बॉयलर १८० ला चालतो आणि मधे मिक्सिंग व्हॉल्व्ह (गरम पाण्यात परत आलेलं कमी गरम पाणी मिसळणारा) लावून फ्लोअरला १०० चं पाणी सोडलेलं असतं. पाइपला चिमट्यासारखे लागणारे थर्मामीटर मिळतात, ते एक मॅनिफोल्डकडे (जिथून फ्लोअरचे सगळे पाइप फुटतात) जाणाऱ्या पाइपला आणि एक परत येणाऱ्या पाइपला लावा आणि चांगल्या थंडीच्या दिवशी आकडे लिहून ठेवा. फ्लोअरचा पृष्ठभाग स्वतः ८५ च्या वर जाऊ द्यायचा नसतो, पायाला चटका जाणवतो आणि लाकूडही सुकून फटी पडतात.

प्र. ३. किती वर्षांचा झाला की बदलायचा?

बिडाचा बॉयलर २५–३० वर्षं सहज जातो, काही चाळिशीही गाठतात. कंडेन्सिंगवाले साधारण १५, नीट सर्व्हिस केली तर २०. पण नुसतं वय झालं म्हणून काढून टाकायची गरज नाही. बॉयलरच्या बिडाच्या तुकड्यांमधल्या सांध्यातून पाणी यायला लागलं, पार्ट मिळेनासे झाले, बर्नरभोवती काजळी धरतेय, किंवा टेक्निशियनने धूर मोजून कार्बन मोनॉक्साइड जास्त आहे सांगितलं, तर मात्र झालं. पंचविशी ओलांडली असेल तर मे-जूनमध्ये तीन कोट (कामाच्या खर्चाचे लेखी आकडे) मागवून ठेवा. जानेवारीत, घरात ४८ डिग्री असताना, जो माणूस उद्या येतो म्हणतो त्याला आपण हो म्हणतो आणि त्याच्या ट्रकमध्ये जो बॉयलर असेल तो घरात येतो.

प्र. ४. बॉयलरखाली पाणी साचतंय, प्लंबर म्हणाला नवाच टाका. खरंच टाकायचा का?

आधी पाणी कुठून येतंय ते बघा. बॉयलरच्या बाजूने किंवा वरून खाली आलेला एक तांब्याचा उघडा पाइप असतो, त्याच्या टोकातून थेंब पडत असतील तर तो रिलीफ व्हॉल्व्ह आहे, जास्तीचं प्रेशर बाहेर सोडणारा. तो ३० पीएसआयला उघडतो, उघडायलाच हवा. दोन मजली घरात सिस्टिम थंड असताना प्रेशर १२ ते १५ असतं, गरम झाल्यावर थोडं वाढतं, पण ३० ला जाऊन टेकत असेल तर बहुतेक वेळा एक्सपान्शन टँक (तापून फुगणाऱ्या पाण्याला जागा देणारा) गेलेला असतो. टँकच्या बुडाशी सायकलच्या ट्यूबसारखा व्हॉल्व्ह असतो, टोपण काढून आतली पिन क्षणभर दाबायची. हवा आली तर ठीक, पाणी आलं तर आतलं रबर फाटलंय. हा टँक बॉयलरच्या मानाने फारच स्वस्त, अख्खा बॉयलर बदलण्याचं हे कारण नाही.

तसंच एखादाच झोन (एका थर्मोस्टॅटवर चालणारा घराचा भाग) थंड राहतोय तर झोन व्हॉल्व्ह किंवा पंप, आणि पायलट (सतत जळणारी छोटी ज्योत) टिकत नाही तर थर्मोकपल, म्हणजे ती ज्योत ओळखणारा सेन्सर. सगळे सुटे पार्ट आहेत. बिडाच्या सांध्यातून गळत असेल तर प्लंबर बरोबर बोलतोय, प्र. ५ ला या.

प्र. ५. जुन्यावर १,२५,००० बीटीयू (तासाला किती उष्णता देतो त्याचं माप) लिहिलंय. नवाही तेवढाच घ्यायचा ना?

नाही, नाही आणि नाही. सगळ्यात जास्त पैसे इथेच वाया जातात. जुना बॉयलर बसवला त्या काळी कोणी मोजलं नव्हतं, शिवाय त्यानंतर तुम्ही किंवा आधीच्या मालकाने खिडक्या बदलल्या, अ‍ॅटिकमध्ये इन्सुलेशन घातलं. कॉन्ट्रॅक्टर मात्र जुन्याची पाटी वाचतो आणि 'सेफ साइडला' त्याच्यावर थोडं चढवतो.

नीट पद्धत म्हणजे मॅन्युअल जे, खोलीगणिक उष्णता किती बाहेर जाते त्याचा हिशोब. तो मागाच. पण तुमच्याकडे जुनी गॅसबिलं असतील तर घरबसल्या चांगला अंदाज येतो. समजा जानेवारीचं बिल २०० थर्म आहे. उन्हाळ्यात स्वयंपाक आणि आंघोळीच्या पाण्याला महिना २० थर्म लागतात, ते वजा करा, राहिले १८०. एक थर्म म्हणजे १ लाख बीटीयू, तेव्हा १ कोटी ८० लाख. जुना बॉयलर ८० टक्के कार्यक्षम धरला तर घरात पोचले १ कोटी ४४ लाख. जानेवारीचे तास ७४४. भागलं की तासाला साधारण १९,४०० बीटीयू. हे झालं महिन्याचं सरासरी. त्या महिन्यात बाहेरचं सरासरी तापमान ३२ होतं असं धरू, म्हणजे ६५ पासून (बाहेर साधारण इतकं असलं की हीटिंग लागत नाही) ३३ डिग्रीचा फरक. अगदी कडाक्याच्या दिवसासाठी १२ डिग्री धरा, म्हणजे ५३ चा फरक. १९,४०० गुणिले ५३ भागिले ३३, उत्तर ३१,००० च्या आसपास.

म्हणजे १,२५,००० चा बॉयलर बसलेल्या घराला कडाक्याच्या थंडीत ३१,००० लागतायत! थोडी जागा ठेवून ४०,००० चा घेतला तरी पुष्कळ. जास्त मोठा घेतला तर जास्त गरम होतं असं काही नाही, तो दोन मिनिटं पेटतो, विझतो, परत पेटतो (प्र. १८), गॅस जास्त खातो आणि लवकर मरतो. त्याच बॉयलरवर गरम पाण्याचा टँक असेल तर थोडं वाढवावं लागतं, पण टँकला प्रायॉरिटी देता येते, पाणी तापेपर्यंत हीटिंग थांबतं, घराला ते कळतही नाही.

प्र. ६. कंडेन्सिंग घ्यावा की साधा बिडाचा?

कंडेन्सिंग बॉयलर धुरातली वाफसुद्धा थंड करून तिच्यातली उष्णता पाण्यात ओढून घेतो. पण ती वाफ थंड व्हायला परत येणारं पाणी साधारण १३० च्या खाली पाहिजे. परत येणारं पाणीच १६० असेल तर ९५ टक्क्यांचा महागडा बॉयलर ८६–८७ वर घुटमळत बसतो. साधे गॅस बॉयलरही आता ८४ टक्क्यांच्या खालचे बनवता येत नाहीत, जानेवारी २०२१ पासून अमेरिकेत तसा नियम आहे (ऑइलच्या गरम पाण्याच्या बॉयलरला ८६). म्हणजे चुकीच्या पद्धतीने चालवलेला कंडेन्सिंग आणि नवा साधा यांत फरक दोन-तीन टक्क्यांचा.

बिडाच्या बॉयलरचं बरोबर उलटं. त्याच्यात थंड पाणी परत आलं तर आतमध्ये आम्लाचं पाणी सुटतं आणि बीड कुजतं. म्हणून रेडियंट फ्लोअरला बिडाचा बॉयलर लावायचा तर मिक्सिंग, बायपास, सगळी व्यवस्था करावी लागते, आणि ती नसेल तर तुमचा जुना बॉयलर कदाचित त्यामुळेच गेला असेल.

माझं मत सांगतो. फ्लोअर हीटिंग असेल तर कंडेन्सिंग, डोळे झाकून. बिडाचे रेडिएटर असतील तरी कंडेन्सिंग. बेसबोर्ड असेल तर वर्षातले बरेच दिवस १४०–१५० वर भागतं, बाहेरच्या तापमानाप्रमाणे पाणी कमी-जास्त करणारा सेन्सर लावला तर तिथेही परवडतो. पण बेसबोर्ड तोकडे आहेत, चिमनी धडधाकट आहे, आणि चार-पाच वर्षांत घर विकायचं आहे, तर साधा बिडाचा टाका, बिनधास्त. त्याची सर्व्हिस सोपी असते. कंडेन्सिंगला दरवर्षी उघडून साफ करावंच लागतं, 'पुढच्या वर्षी बघू' चालत नाही.

आणि एक, कंडेन्सिंगमधून जे पाणी बाहेर पडतं ते आम्लधर्मी असतं, ३–४ पीएच. ते चुनखडीच्या न्यूट्रलायझरमधून नेऊन मगच ड्रेनमध्ये सोडायचं. कोटमध्ये हा डबा नसेल तर विचारा.

प्र. ७. कॉम्बी घेतला तर वॉटर हीटरची जागा वाचेल ना?

वाचेल, कॉम्बी म्हणजे घर आणि नळाचं पाणी दोन्ही तापवणारा एकच बॉयलर. पण कॉम्बीचा साइझ आंघोळीवरून ठरतो, घरावरून नाही. दोन शॉवर एकदम चालवायचे तर १,९९,००० चा लागतो, आणि हिवाळ्यात ४० डिग्रीने येणारं पाणी १२० ला न्यायचं म्हटलं तर तोही मिनिटाला पावणेपाच गॅलनच्या आसपासच देतो. इकडे घराला लागतात ३१,००० (प्र. ५). चांगले कॉम्बी स्वतःला दहाव्या भागापर्यंत खाली आणतात, म्हणजे २०,००० पर्यंत, आणि तुमचा एखादा छोटा झोन असेल, मास्टर बाथरूमचा फ्लोअर फक्त, त्याला २,००० पुरे. मग चालू-बंद, चालू-बंद. एक-दोन बाथरूमचं घर आणि मोजके झोन असतील तर कॉम्बी छान. घरी आईबाबा सहा महिने राहायला येतात, सकाळी सगळ्यांची एकदम आंघोळ, त्यांनी छोटा बॉयलर आणि वेगळा इनडायरेक्ट टँक (बॉयलरच्याच पाण्यावर तापणारा) घ्यावा.

गॅसची लाइनही बघा, १,९९,००० ला अर्ध्या इंचाचा पाइप बहुतेक पुरत नाही, आणि नवा पाइप टाकायचा खर्च मागाहून सांगतात.

प्र. ८. आमच्याकडे वॉटर हीटरच दिसत नाही, तरी गरम पाणी येतं. कुठून?

जुन्या ऑइल बॉयलरच्या पोटात तांब्याची गुंडाळी असते, नळाचं पाणी तिच्यातून तापून येतं. म्हणजे जुलैमध्येही बॉयलर गरम ठेवावा लागतो. बॉयलर बदलताना पाण्याची सोय वेगळी करावी लागेल हे लक्षात ठेवा, प्र. ७ बघा.

प्र. ९. नवा बॉयलर भिंतीतून पाइप काढून बसवणार म्हणे, मग चिमनीचं काय?

चिमनीवर फक्त बॉयलर असेल तर ती बंद करून टाका. पण त्याच चिमनीत साधा गॅस वॉटर हीटर सोडलेला असेल तर थांबा. मोठा बॉयलर गेला की त्या रुंद चिमनीत एकट्या वॉटर हीटरचा धूर वर चढत नाही, थंड होऊन आतच पाणी धरतो, विटा भिजतात, आणि वाईट वेळ आली तर धूर बेसमेंटमध्ये परत येतो. चिमनीत लाइनर (आतून घालायचा अरुंद पाइप) टाका नाहीतर वॉटर हीटरही बदला. हे कोटमध्ये आपणहून लिहिणारा कॉन्ट्रॅक्टर चांगला समजायचा.

भिंतीतून निघणारा पाइप बर्फाच्या वर राहील इतका उंच पाहिजे, आणि बर्फ पडल्यावर बाहेर जाऊन तो मोकळा आहे का बघायचं, ड्राइव्हवे नंतर. जानेवारी २००५ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या प्लिमथमध्ये बर्फाने व्हेंट (धुराचा पाइप) बुजून कार्बन मोनॉक्साइडने एक सात वर्षांची मुलगी गेली, त्यावरून तिथे निकोल्स लॉ आला आणि घरोघरी सीओ अलार्म सक्तीचे झाले. तुम्ही कुठल्याही राज्यात असा, बेडरूमच्या बाहेर अलार्म लावा.

प्र. १०. जुन्या पाइपांवर पांढरं प्लास्टरसारखं काहीतरी गुंडाळलंय.

घर १९८० च्या आधीचं असेल तर अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. हात लावू नका, झाडू नका, व्हॅक्यूम तर मुळीच करू नका. आधी टेस्ट, मग लायसन्सवाले लोक, मग बॉयलरवाला. हीच तारखांची साखळी असते, म्हणूनही उन्हाळ्यात सुरुवात करा म्हणतो.

प्र. ११. ऑइलवरून गॅसवर जायचंय. जुन्या टाकीचं काय करायचं?

टाकी बेसमेंटमध्ये असेल तर रिकामी करून, साफ करून बाहेर. आणि घराबाहेर भिंतीतून आलेला तेल भरायचा पाइप त्याच दिवशी काढून भोक सिमेंटने बुजवायचं. ही गोष्ट फालतू वाटते, पण टाकी गेलीय, पाइप तसाच आहे, आणि तेलाचा ट्रक पत्ता चुकून किंवा जुन्या ऑटो-डिलिव्हरीवर येऊन थेट बेसमेंटमध्ये शेकडो गॅलन ओतून जातो, असे प्रकार इथे खरोखर झालेत. तेल कंपनीला अकाउंट बंद केल्याचं लेखी कळवा.

टाकी जमिनीखाली असेल, न्यू जर्सीत अशी पुष्कळ घरं आहेत, तर तो वेगळाच अध्याय. गळली असेल तर माती साफ करण्याचा खर्च बॉयलरच्या कितीतरी पट होऊ शकतो, आणि घर विकताना समोरचा विचारतोच. परमिट काढून, इन्स्पेक्शन करून, कागद जपून ठेवा. आणि गॅस रस्त्यावर आहे का हे सगळ्यात आधी बघा, नाहीतर सगळी चर्चा फुकट.

प्र. १२. बॉयलर सोडून हीट पंपच लावला तर?

रेडियंट फ्लोअरवाल्यांनी हा विचार नक्की करावा. हवेतून उष्णता घेऊन पाणी तापवणारे एअर-टू-वॉटर हीट पंप १००–१२० चं पाणी आरामात देतात, स्लॅबला नेमकं तेच हवं. १८० च्या बेसबोर्डला ते जमत नाही. अडचण अशी की युरोपात हे पुष्कळ आहेत, अमेरिकेत बसवणारे हात अजून कमी, आणि थंडीत बिघडला तर दुरुस्त कोण करणार हे आधी विचारून घ्या. रेडियंट घरात डक्ट नसतात म्हणून एसीही नसतो, त्यामुळे बरेच जण बॉयलर ठेवून वर मिनी-स्प्लिट (डक्ट न लागणारा छोटा हीट पंप) लावतात, उन्हाळ्यात थंड, आणि ऑक्टोबर आणि एप्रिल या महिन्यांत तेवढ्यावरच घर गरम. हा मधला मार्ग मला बरा वाटतो.

प्र. १३. खर्च किती? टॅक्स क्रेडिट मिळतं का?

नॉर्थईस्टमध्ये गॅसचा कंडेन्सिंग बॉयलर बसवून आठ-दहा हजार डॉलरपासून पंधरा-सोळा हजारांपर्यंत कोट येतात, एकाच घराला. फरक बॉयलरच्या किमतीत कमी आणि पाइपिंगच्या कामात जास्त असतो.

फेडरल टॅक्स क्रेडिट, २५सी म्हणतात ते, ३१ डिसेंबर २०२५ नंतर बसवलेल्या कामाला नाही, जुलै २०२५ च्या कायद्याने ते बंद झालं. त्याआधी बसवला असेल आणि मॉडेल बसत असेल तर गॅस बॉयलरला जास्तीत जास्त ६०० डॉलर होते, २०२५ च्या रिटर्नमध्ये फॉर्म ५६९५ भरून मागता येतात. राज्याच्या आणि युटिलिटीच्या योजना दरवर्षी बदलतात आणि त्यांचा कल आता हीट पंपाकडे आहे. काम सुरू करायच्या आधी अर्ज लागतो का ते बघा, मागाहून पावती दाखवून उपयोग होत नाही.

प्र. १४. कोटमध्ये काय बघायचं? ब्रँड कुठला?

'नवा बॉयलर, लेबरसकट' असं एका ओळीचं कोट परत पाठवा. मॉडेल नंबर, हीट लॉसचा आकडा, जुनी सिस्टिम फ्लश करणार का, मॅग्नेट असलेला गाळ-सेपरेटर, न्यूट्रलायझर, व्हेंट कशाचा, परमिट कोण काढणार, आउटडोअर सेन्सर लावणार का, हे लिहून आलं पाहिजे. मॅग्नेटचं मला विशेष वाटतं. जुन्या बिडाच्या सिस्टिममध्ये काळा चिखल असतो, तो लोखंडाचाच गंज, आणि कंडेन्सिंगच्या बारीक वाटांमध्ये तो जाऊन बसला की नवा बॉयलर तीन वर्षांत ओरडायला लागतो.

ब्रँड म्हणाल तर व्हील-मॅक्लेन, बर्नहॅम, पीअरलेस, बुडेरस, फीसमान, नॅव्हियन, लॉकिन्व्हार, सगळे चालतात. तुमच्या गावात ज्याचे पार्ट त्याच दिवशी मिळतात आणि तो ज्यांना उघडता येतो असे दोन तरी लोक आहेत, तो ब्रँड तुमचा. वॉरंटी रजिस्टर करायची मुदत असते, बिल हातात आलं की लगेच करा, आणि लेबर बहुतेक वॉरंटीत नसतं.

प्र. १५. ओळखीचा हँडीमन अर्ध्यात करून देतो म्हणतोय, परमिटशिवाय.

गॅस आणि धुराचं काम आहे, नको. इन्शुरन्स क्लेम आला किंवा घर विकायला काढलं की टाउनशिप परमिट शोधते.

प्र. १६. आमच्या फ्लोअरमधले पाइप रबरासारखे आहेत / पेक्सवर काही छापलेलं नाही. नवा बॉयलर चालेल का?

थेट जोडू नका. पेक्सला (फ्लोअरमधला प्लास्टिकचा पाइप) ऑक्सिजन बॅरियर नसेल तर हवेतला ऑक्सिजन पाइपच्या भिंतीतून पाण्यात शिरत राहतो आणि बंद सिस्टिममधलं सगळं लोखंड हळूहळू गंजतं. पाइपवरची छपाई टॉर्च लावून वाचा, बॅरियर असेल तर तसं लिहिलेलं असतं. रबरी होज असेल तर एन्ट्रान असू शकतो, गुडइयरचा, १९९० च्या आसपास बऱ्याच घरांत घातला गेला, तो कडक होऊन सांध्यांना गळायचा आणि त्यावर क्लास अ‍ॅक्शन (सगळ्या ग्राहकांच्या वतीने एकत्र खटला) होऊन २००४ मध्ये सेटलमेंट झाली.

उपाय म्हणजे मधे प्लेट हीट एक्स्चेंजर. बॉयलरचं पाणी एका बाजूला, फ्लोअरचं दुसऱ्या, दोन्ही एकमेकांत मिसळत नाहीत, आणि फ्लोअरच्या बाजूचा पंप स्टेनलेस किंवा ब्राँझचा. हजार-दोन हजार वाढतात, पण बॉयलर वाचतो.

प्र. १७. लेव्हिटटाउनचं घर आहे, स्लॅबमध्ये तांब्याच्या नळ्या. प्रेशर सारखं उतरतं, नवा बॉयलर टाकला की थांबेल ना?

थांबणार नाही, उलट नवा बॉयलर खाऊन टाकेल. लाँग आयलंडच्या लेव्हिटटाउनमध्ये १९४७ ते १९५१ मध्ये सतरा हजारांवर घरं झाली, बेसमेंट नाही, सरळ काँक्रीट आणि त्यात तांबं. शेजारच्या हिक्सव्हिलला आपली देशी वस्ती मोठी, त्यामुळे ही घरं आपल्या लोकांकडे आहेतच. सत्तर-पंचाहत्तर वर्षं काँक्रीटमध्ये राहून तांबं कुठेतरी भोक धरतं. पाणी खाली मातीत जातं, ऑटो-फीड व्हॉल्व्ह गुपचूप नवं पाणी भरतो, आणि प्रत्येक नव्या पाण्याबरोबर ऑक्सिजन आणि क्षार आत येतात.

तपासायचं असं: बॉयलर थंड होऊ द्या, फीड व्हॉल्व्ह बंद करा, काट्यावर पेनाने खूण करा, आणि सकाळी बघा. उतरला असेल आणि वर कुठे ओल नसेल तर गळती स्लॅबमध्येच. (हे करताना बॉयलर चालू ठेवायचा नाही.) अनवाणी चाललात तर एखादी फरशी बाकीच्यांपेक्षा जास्त गरम लागते, बहुतेक भोक तिथेच. थर्मल कॅमेरावाला बोलावला की नेमकी जागा सापडते, काँक्रीट फोडून तेवढं जोडता येतं. पहिली गळती असेल तर जोडा. दुसरी-तिसरी असेल तर त्या नळ्यांचा नाद सोडा आणि वरून बेसबोर्ड किंवा पॅनल रेडिएटर टाका. हे बॉयलर घ्यायच्या आधी ठरवायचं, कारण स्लॅबला १०० चं पाणी आणि बेसबोर्डला १६०–१८० चं, म्हणजे प्र. २ चं उत्तरच बदललं, आणि प्र. ६ चंही.

प्र. १८. नवा कंडेन्सिंग टाकला तरी बिल फारसं उतरलं नाही, आणि तो सारखा चालू-बंद होतो.

दोन गोष्टी बघा. एक, पाण्याचं सेटिंग. इन्स्टॉलर बऱ्याचदा १८० वर ठेवून निघून जातो, कारण मग 'घर गरम होत नाही' म्हणून फोन येत नाही. आउटडोअर सेन्सर बॉक्समध्येच पडलेला असतो, तो उत्तरेच्या भिंतीवर, ऊन लागणार नाही असा लावून घ्या आणि रिसेट कर्व्ह (बाहेर किती थंडी असताना पाणी किती गरम, ते सेटिंग) तुमच्या पाइपांप्रमाणे करून घ्या. मग दर दोन-तीन दिवसांनी पाच-पाच डिग्री उतरवत जा, एखादी खोली थंड वाटली की एक पायरी वर, बस. दोन, साइझ. बॉयलर मोठा असेल (प्र. ५) तर मेन्यूमध्ये हीटिंगची कमाल पॉवर कमी करता येते, ती करून घ्या. छोटे झोन एकत्र करणं किंवा मधे बफर टँक (गरम पाणी साठवणारी टाकी) टाकणं हे त्यापुढचे उपाय.

प्र. १९. रात्री थर्मोस्टॅट उतरवावं का?

बेसबोर्ड असेल तर उतरवा. स्लॅब असेल तर नको, त्याला तापायला पाच-सहा तास लागतात, सकाळी उठाल तेव्हा घर थंड आणि दुपारी घाम. एकाच आकड्यावर सोडून द्या.

प्र. २०. डिसेंबरात चार आठवडे भारतात जातोय. बॉयलर बंद करून जाऊ?

अजिबात नाही. पाइप गोठून फुटले तर येऊन बघाल ते घर ओळखू येणार नाही, आणि घरात हीट चालू ठेवली नव्हती म्हटल्यावर इन्शुरन्सवाले हात वर करू शकतात. थर्मोस्टॅट ५५ वर, स्लॅब असेल तर ६०. नळाच्या पाण्याचा मेन व्हॉल्व्ह बंद करा, पण आधी प्र. १७ ची खूण-पद्धत वापरून सिस्टिम गळत नाही ना बघा, कारण मेन बंद झाला की बॉयलरलाही नवं पाणी नाही. वायफायवर तापमान दाखवणारा सेन्सर लावा, किल्ली शेजाऱ्याकडे, आणि बॉयलरवाल्याचा नंबरही त्याच्याकडे. पुण्यात रात्री दोनला अलर्ट आला तरी तुम्ही तिथून काय करणार, शेजारीच जाणार. नवा बॉयलर जायच्या आठवड्यात बसवू नका, निदान दोन आठवडे आपल्या डोळ्यांसमोर चालू द्या.

प्र. २१. वीज गेली, जनरेटरवर लावला तर नवा बॉयलर पेटतो आणि लगेच एरर देऊन बंद होतो. जुना तर चालायचा!

जुन्याला पायलट होता, त्याला विजेशी फार देणंघेणं नव्हतं. नवा बॉयलर ज्योत आहे की नाही हे ज्योतीतून जाणाऱ्या सूक्ष्म करंटवरून ओळखतो, आणि त्यासाठी न्यूट्रल आणि अर्थ कुठेतरी जोडलेले लागतात. बऱ्याच छोट्या पोर्टेबल जनरेटरमध्ये न्यूट्रल तरंगता, म्हणजे अर्थला न जोडलेला असतो, म्हणून बॉयलरला ज्योत 'दिसतच' नाही. इलेक्ट्रिशियनकडून ट्रान्सफर स्विच किंवा इंटरलॉक (बाहेरची वीज आणि जनरेटर एकदम चालू होऊ न देणारा) बसवून जनरेटर पॅनलमधून दिला की बहुतेक ठिकाणी हा प्रश्न सुटतो, कारण पॅनलमध्ये ते जोडलेलेच असतात. बॉयलरला थेट जोडायचा असेल तर न्यूट्रल आणि अर्थ जोडणारा बाँडिंग प्लग मिळतो, पण तो तुमच्या जनरेटरला चालतो का हे इलेक्ट्रिशियनलाच विचारा. दोन्ही टोकांना मेल प्लग असलेली कॉर्ड करून भिंतीच्या सॉकेटमध्ये करंट सोडणारे महाभाग असतात, लाइनवर काम करणाऱ्याचा जीव जातो त्याने. जनरेटर घरापासून वीस फूट लांब, गॅरेजमध्ये दार उघडं ठेवूनसुद्धा नाही. आणि हे सगळं ऑक्टोबरमध्ये एकदा विजेचा मेन बंद करून चालवून बघा.